दोन खाटा, दोन जिवाणू, एकच यादी

ही आमच्या वॉर्डातली काही वर्षांपूर्वीची गोष्ट. खिडकीकडच्या खाटेवर साठी ओलांडलेले एक गृहस्थ होते. पाठीला मार लागल्यामुळे लघवीची नळी घातलेली आणि ताप काही केल्या उतरत नव्हता. लघवीचे कल्चर केले, तेव्हा क्लेब्सिएला नावाचा जिवाणू निघाला. रिपोर्टवर औषधांच्या नावांपुढे एकाखाली एक ‘रेझिस्टंट’ असे लिहिलेले. अगदी अखेरचे म्हणून आम्ही राखून ठेवतो, त्या मेरोपेनेमपुढेही तेच. आठ-दहा दिवसांनी शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाला हुडहुडी भरून ताप आला. त्यांच्या कल्चरमध्ये मात्र क्लेब्सिएला नव्हता, ई. कोलाय होता. राउंडला निवासी डॉक्टर म्हणाला, ‘‘सर, जिवाणू वेगळा आहे. म्हणजे शेजारून आलेला नाही.’’ मी मान डोलावली आणि पुढच्या खाटेकडे वळलो.

दुपारी सूक्ष्मजीवशास्त्र विभागातल्या मॅडम दोन्ही रिपोर्ट घेऊन वॉर्डात आल्या. टेबलावर ते शेजारी-शेजारी ठेवून म्हणाल्या, ‘‘जिवाणूच्या नावावर बोट ठेवा आणि फक्त खालची यादी वाचा.’’ वाचली. कोणते औषध लागू पडते, कोणते पडत नाही, ही यादी ओळीला ओळ जुळत होती. त्यांनी दोन्ही नमुने बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवले. दोघांतही औषध निकामी करणारे एकच जनुक सापडले. ते एकाकडून दुसऱ्याकडेच गेले, हे पुराव्यानिशी सिद्ध करायला आणखी तपासण्या लागतात, त्या आमच्याकडे नव्हत्या. पण वॉर्डात शोध घेतला, तेव्हा एक गोष्ट समोर आली. त्या रांगेतल्या सगळ्या रुग्णांच्या लघवीच्या पिशव्या रिकाम्या करायला प्लास्टिकचे एकच भांडे होते. ते पाण्याने विसळून या खाटेकडून त्या खाटेकडे फिरत होते. दोन पिशव्यांच्या मध्ये हात धुण्याची सोय वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला. पहिला रुग्ण वाचला, पण कोलिस्टिन या औषधाने त्याच्या मूत्रपिंडांना चांगलाच फटका दिला. दुसरे गृहस्थ वाचले नाहीत.

आमची चूक साधी होती. आम्ही जिवाणूवर पाळत ठेवून होतो आणि प्रवास करत होते ते जनुक. आज या सदरात त्या प्रवासाविषयी लिहायचे आहे. कारण तो समजला नाही, तर प्रतिजैविकांविषयी आपण डॉक्टर आणि रुग्ण मिळून जे काही करतो, त्यातले निम्मे वाया जाते.

सवय शरीराला होत नाही

ओपीडीत एक प्रश्न हमखास येतो. ‘‘डॉक्टर, पूर्वी या गोळीने दोन दिवसांत बरं वाटायचं. आता माझ्या शरीराला तिची सवय झाली का?’’ शरीराला सवय होत नाही. बदलतो तो जिवाणू. औषध तेच असते, शरीरही तेच असते. पण त्या औषधाला दाद न देणारे जिवाणू आता तुमच्या अंगात किंवा तुमच्या आसपास वस्तीला आलेले असतात.

जिवाणू दोन वाटांनी बदलतात. पहिली वाट उत्परिवर्तनाची. जिवाणूची विभागणी होताना त्याच्या जनुकीय मजकुराची नक्कल होते, आणि नक्कल करताना क्वचित एखादे अक्षर चुकते. बहुतेक चुका निरुपयोगी असतात. पण एखादी चूक अशी निघते, की औषध जिथे चिकटायचे ती जागाच थोडी बदलते आणि तो जिवाणू वाचतो. त्याची मुले-नातवंडेही वाचतात. क्षयरोगाचा जिवाणू याच वाटेने चालतो. तो औषधांना दाद देईनासा होतो तो स्वतःच्या गुणसूत्रातील अशा चुकांमुळे. शेजाऱ्याकडून उसने घेऊन नव्हे. म्हणून क्षयरोगात एकाच वेळी अनेक औषधे देणे आणि ती ठरलेले सगळे महिने घेणे, या दोन्ही गोष्टींना पर्याय नाही.

दुसरी वाट देवाणघेवाणीची, आणि आमच्या वॉर्डात जे घडले ते या वाटेने. अनेक जिवाणूंमध्ये मुख्य गुणसूत्राखेरीज डीएनएची छोटी, बहुधा गोल कडी असते. तिला प्लाझ्मिड म्हणतात. अमेरिकी शास्त्रज्ञ जोशुआ लेडरबर्ग यांनी १९५२ मध्ये हे नाव दिले. ई. कोलायच्या मुख्य गुणसूत्रात साधारण ४६ लाख अक्षरांचा मजकूर असतो. प्लाझ्मिड त्या मानाने लहान. काही हजार ते काही लाख अक्षरांचे. जिवाणूला रोजच्या जगण्यासाठी त्याची गरज नसते. पण त्यावर अडीअडचणीला उपयोगी पडणारी जनुके असतात, आणि अमुक औषध कसे निकामी करायचे याची कृती त्यातच येते. मुख्य म्हणजे प्लाझ्मिड स्वतःची नक्कल स्वतः करून घेऊ शकते आणि अनेक प्लाझ्मिडे एका जिवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकतात.

हे जाणे कसे असते? प्लाझ्मिड बाळगणारा जिवाणू एक बारीक धागा बाहेर काढतो, शेजाऱ्याला चिकटवतो आणि त्याला जवळ ओढतो. मग प्लाझ्मिडच्या दोन पदरांपैकी एक पदर पलीकडे सरकतो. दोन्हीकडे उरलेला पदर नव्याने विणला जातो. काही मिनिटांत काम पूर्ण. देणाऱ्याचे काही कमी होत नाही आणि घेणारा लगेच पुढच्याला द्यायला मोकळा.

परीक्षेच्या वर्गाचे उदाहरण देतो. उत्परिवर्तनाने औषधाला पुरून उरणारा जिवाणू म्हणजे अंदाजपंचे उत्तर लिहिले आणि नेमके बरोबर आले असा विद्यार्थी. प्लाझ्मिड म्हणजे कॉपीची चिठ्ठी. ती बाकावरून बाकावर सरकते, आणि दरवेळी तिची झेरॉक्स निघते. घेणारा आपल्याच तुकडीतला असला पाहिजे, अशीही अट नाही. क्लेब्सिएला आणि ई. कोलाय या वेगळ्या प्रजाती. पण चिठ्ठी दोघांनाही वाचता येते, कारण जनुकांची लिपी सगळ्या सजीवांची जवळपास एकच आहे.

जपानने आधीच सांगितले होते

ही गोष्ट नवी नाही. जिवाणू एकमेकांकडून गुण उचलतात, हे फ्रेडरिक ग्रिफिथ यांनी १९२८ मध्येच दाखवले होते. न्यूमोनियाचे मेलेले घातक जिवाणू आणि जिवंत निरुपद्रवी जिवाणू एकत्र करून त्यांनी उंदरांना टोचले. यातले कोणतेच एकेकटे उंदराला मारत नव्हते. एकत्र टोचल्यावर उंदीर मेले आणि त्यांच्या रक्तात जिवंत घातक जिवाणू सापडले. मेलेल्यांचा गुण जिवंतांनी उचलला होता. तो गुण वाहून नेणारा पदार्थ डीएनए आहे, हे ॲव्हरी, मॅकलिओड आणि मॅकार्टी यांनी १९४४ मध्ये सिद्ध केले. लेडरबर्ग आणि टेटम यांनी १९४६ मध्ये दाखवले, की जिवंत जिवाणूही थेट संपर्कातून अशी देवाणघेवाण करतात. जिवाणूंना ग्रासणारे विषाणूसुद्धा हा माल इकडून तिकडे नेतात, हे १९५२ मध्ये कळले.

पण या सगळ्याचा रुग्णाच्या खाटेशी काय संबंध, हे जपानमध्ये उमगले. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे रक्ती आवेची मोठी साथ होती. सल्फाची औषधे चालेनाशी झाली, म्हणून स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन आणि क्लोरॅम्फेनिकॉल आली. १९५० च्या दशकाच्या मध्यावर असे शिगेला जिवाणू मिळू लागले, जे या चारही औषधांना एकदम दाद देत नव्हते. एका औषधापासून वाचवणारी चूक अपघाताने होणे कोटीत एखाद्या वेळचे. चार वेगवेगळ्या चुका एकाच जिवाणूत एकदम होणे जवळजवळ अशक्य. मग हे झाले कसे? जपानी संशोधकांच्या लक्षात आले, की याच रुग्णांच्या पोटातले साधे ई. कोलायही त्याच चार औषधांना दाद देत नाहीत. १९५९ मध्ये ओचियाई आणि अकिबा यांच्या गटांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले, की हा चारही औषधांचा गठ्ठा ई. कोलायकडून शिगेलाकडे अखंड जातो. त्सुतोमु वातानाबे यांनी १९६३ मध्ये हे सारे इंग्रजीत मांडले, तेव्हा जगाचे लक्ष गेले.

‘गठ्ठा’ हा शब्द इथे महत्त्वाचा. एका प्लाझ्मिडवर पाच-सहा औषधांविरुद्धची जनुके ओळीने बसलेली असू शकतात. याचा अर्थ असा, की त्यातले कोणतेही एक औषध तुम्ही घेतलेत, तरी वाचतो तो अख्खा गठ्ठा बाळगणारा जिवाणू. सर्दीसाठी उगाच घेतलेली एक साधी गोळी तुमच्या आतड्यात असे जिवाणू शिल्लक ठेवते, जे उद्या सलाइनमधून द्यायच्या महागड्या औषधालाही बधणार नाहीत. ‘‘मी तर साधीच गोळी घेतली होती,’’ हे म्हणणे म्हणूनच पुरेसे नाही.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करू. औषधामुळे ही जनुके निर्माण होत नाहीत. ती निसर्गात प्रतिजैविकांच्या शोधाच्या कितीतरी आधीपासून आहेत, कारण मातीतल्या बुरशा आणि जिवाणू एकमेकांविरुद्ध अशी रसायने युगानुयुगे वापरत आले आहेत. औषध फक्त निवड करते. ज्यांच्याकडे चिठ्ठी नाही ते मरतात. मोकळ्या झालेल्या जागेवर चिठ्ठीवाले वाढतात. आणि तेच पुढे चिठ्ठ्या वाटतात.

दिल्लीच्या नळापासून सिंधपर्यंत

भारतीय वंशाच्या एका स्वीडिश रुग्णावर २००७ च्या अखेरीस दिल्लीत उपचार झाले होते. २००८ मध्ये स्वीडनमध्ये त्याच्या लघवीत क्लेब्सिएला सापडला. त्यात मेरोपेनेमसारख्या औषधांचा फडशा पाडणारे नवे जनुक होते. त्याच रुग्णाच्या शौचातल्या ई. कोलायमध्येही तेच जनुक मिळाले. माझ्या वॉर्डात दोन खाटांवर जे दिसले, ते तिथे एकाच शरीरात दिसले होते. जनुकाला नवी दिल्लीचे नाव दिले गेले, ‘एनडीएम-१’. त्या नावावरून आपल्याकडे बराच गदारोळ झाला. नावावर आक्षेप घेण्यासारखे होतेच. पण गदारोळात मूळ मुद्दा मागे पडला. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी मार्च २०१० मध्येच भारतीय वैद्यकीय नियतकालिकात लिहिले होते, की मेरोपेनेम गटाला दाद न देणाऱ्या २४ नमुन्यांपैकी २२ मध्ये त्यांना हेच जनुक सापडले. म्हणजे गदारोळ होण्याआधीच आपल्या घरातूनही इशारा आला होता.

पुढे २०११ मध्ये दिल्लीच्या पाण्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. साचलेल्या आणि झिरपणाऱ्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये, तर नळाच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकी दोनमध्ये हे जनुक होते. ते ज्या जिवाणूंमध्ये मिळाले, त्यांत पटकी आणि रक्ती आवेचे जिवाणूही होते. संशोधकांनी प्रयोगशाळेत पाहिले, की प्लाझ्मिडची देवाणघेवाण ३० अंश सेल्सिअसला सर्वांत जोरात चालते. आपल्याकडे गटारातले पाणी वर्षातला बराच काळ याच तापमानाच्या आसपास असते.

म्हणूनच मला नेहमी वाटते, की प्रतिजैविकांचा प्रश्न आपण फक्त गोळ्यांचा करून टाकला आहे. तो तेवढाच सांडपाण्याचाही आहे. दक्षिण आशियात फिरून घरी परतलेल्या डच प्रवाशांचा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यापैकी सुमारे ७५ टक्के लोक जाताना नसलेले, पण अनेक महत्त्वाच्या औषधांना न जुमानणारे जिवाणू आतड्यात घेऊन परतले. ते आजारी नव्हते. त्यांच्यापैकी बहुतेकांनी इथे औषध घेतले म्हणून नव्हे, तर इथले खाल्ले-प्याले म्हणून हे झाले असणार. आपण तर इथेच राहतो.

देवाणघेवाणीचे सर्वांत बोलके उदाहरण टायफॉइडचे आहे. मी वैद्यकीय शिक्षण घेत होतो, तेव्हा टायफॉइडला क्लोरॅम्फेनिकॉल हे ठरलेले औषध होते. १९९० च्या सुमारास ते अनेक रुग्णांना लागू पडेनासे झाले. टायफॉइडच्या जिवाणूने तीन-चार औषधांचा गठ्ठा असलेले प्लाझ्मिड मिळवले होते. आम्ही सिप्रोफ्लॉक्सॅसिनकडे वळलो. काही वर्षे ते जादूसारखे चालले, मग उत्परिवर्तनांनी त्याचीही धार गेली. तेव्हापासून भिस्त सेफ्ट्रिॲक्सोन आणि ॲझिथ्रोमायसिनवर.

नोव्हेंबर २०१६ पासून पाकिस्तानातील सिंध प्रांतात, हैदराबाद शहरात, टायफॉइडची वेगळीच साथ सुरू झाली. जुनी सगळी औषधे आणि सेफ्ट्रिॲक्सोनही निरुपयोगी. तोंडावाटे घ्यायचे जवळजवळ एकच औषध उरले, ॲझिथ्रोमायसिन. २०१८ च्या अखेरपर्यंत असे पाच हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. जनुकीय तपासणीत आढळले, की आधीच बळकट झालेल्या टायफॉइडच्या जिवाणूने आणखी एक प्लाझ्मिड घेतले होते, आणि तसेच प्लाझ्मिड आतड्यातल्या ई. कोलायमध्ये मिळत होते. कुठेतरी, बहुधा एखाद्याच्या आतड्यात किंवा मैल्याने दूषित पाण्यात, एक चिठ्ठी सरकली आणि हजारो मुले आजारी पडली.

ही साथ रोखायला जे मदतीला आले, त्यात नवे प्रतिजैविक नव्हते. सिंधमधल्या हैदराबादेत मुलांना टायफॉइडची लस दिली गेली, आणि ती बनली होती आपल्या तेलंगणातल्या हैदराबादेत. नोव्हेंबर २०१९ मध्ये ही लस नियमित लसीकरणात आणणारा पाकिस्तान पहिला देश ठरला. त्याआधी, २०१८ मध्ये, नवी मुंबई महापालिकेने एक लाखाहून अधिक मुलांना हीच लस दिली होती. संसर्गच झाला नाही, तर औषध लागत नाही. आणि औषध लागले नाही, तर चिठ्ठीवाल्यांची निवडही होत नाही. लस आणि स्वच्छ पाणी ही प्रतिजैविके वाचवण्याची सर्वांत स्वस्त साधने आहेत, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो ते यासाठी.

प्लाझ्मिड शत्रू नव्हे

इतके वाचून प्लाझ्मिड म्हणजे काहीतरी राक्षसी प्रकार वाटेल. तसे नाही. ते चांगलेही नाही आणि वाईटही नाही. ते वाहन आहे. १९७३ मध्ये स्टॅनली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांनी प्लाझ्मिडमध्ये हवे ते जनुक जोडून जिवाणूत सोडण्याचे तंत्र दाखवले. त्यातूनच ई. कोलायकडून मानवी इन्सुलिन बनवून घेता आले आणि १९८२ मध्ये ते अमेरिकेत वापरात आले. आज या शहरात कितीतरी घरांच्या फ्रिजमध्ये इन्सुलिनची कुपी असेल. तिच्यामागे हेच तंत्र आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये भारतात मंजुरी मिळालेली कोविडवरची डीएनए लस, झायकोव्ह-डी, म्हणजे तर प्लाझ्मिडच होते.

मग औषध वापरणे थांबवले, की वाईट प्लाझ्मिड आपोआप जातात का? काही अंशी. प्लाझ्मिड सांभाळायला जिवाणूला खर्च येतो. औषध नसेल, तर चिठ्ठी बाळगणारे थोडे मागे पडतात. पण काही प्लाझ्मिडांनी यावर पक्का बंदोबस्त करून ठेवला आहे. ती जिवाणूमध्ये एक विष तयार करतात आणि त्याचा उताराही. विष बराच काळ टिकते, उतारा लवकर संपतो. विभागणीनंतर एखाद्या पिल्लाकडे प्लाझ्मिड आले नाही, तर उतारा संपतो, विष उरते आणि ते पिल्लू मरते. व्यसन लावून गिऱ्हाईक धरून ठेवण्याचाच हा प्रकार. म्हणून चार महिने औषध जपून वापरले आणि प्रश्न सुटला, असे होत नाही.

तरीही हात टेकण्याचे कारण नाही. कोलिस्टिनचे उदाहरण पाहा. माझ्या पहिल्या रुग्णाला वाचवणारे हे अखेरचे औषध जगभर कोंबड्या आणि डुकरांना वजन वाढावे म्हणून खाद्यातून दिले जात होते. नोव्हेंबर २०१५ मध्ये चीनमधील संशोधकांनी कोलिस्टिनपासून वाचवणारे जनुक प्रथमच प्लाझ्मिडवर सापडल्याचे सांगितले. चीनने २०१७ मध्ये खाद्यातला वापर बंद केला. पुढच्या काही वर्षांत तिथल्या प्राण्यांमध्ये आणि माणसांमध्येही या जनुकाचे प्रमाण लक्षणीय घटले. भारतानेही जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत कोलिस्टिनच्या वापरावर बंदी घातली. आपल्याकडे जुन्या क्लोरॅम्फेनिकॉलचा वापर टायफॉइडमध्ये मागे पडल्यावर अनेक ठिकाणी टायफॉइडचे जिवाणू पुन्हा त्याला दाद देऊ लागले, हेही आम्ही पाहिले आहे. निवड थांबली, की चित्र पालटते. वेळ लागतो, पण पालटते.

काय करायला हवे

जगभरातील आकडेवारीच्या एका मोठ्या अभ्यासानुसार २०१९ मध्ये औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे थेट १२ लाख ७० हजार मृत्यू झाले, आणि ४९ लाख ५० हजार मृत्यूंमध्ये त्यांचा हातभार होता. हे आकडे मोठे आहेत म्हणून मनावरून निसटतात. मला त्यात शेजारच्या खाटेवरचे ते गृहस्थ दिसतात.

पहिली मागणी माझ्याच घराकडे, म्हणजे सरकारी आरोग्य व्यवस्थेकडे. प्रत्येक जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयात कल्चर तपासणी चोवीस तास हवी. ती नसते, तेव्हा आम्ही अंधारात बाण मारतो. आणि अंधारातला बाण नेहमी गरजेपेक्षा मोठा असतो. ‘कव्हर म्हणून’ दिलेल्या औषधांच्या कितीतरी चिठ्ठ्या माझ्याही हातून गेल्या आहेत. दुसरी गोष्ट, संसर्ग नियंत्रणासाठी वेगळी सिस्टर हवी, जिच्यावर त्याच वेळी तीस खाटांचा भार नसेल. तिसरी, दर काही खाटांमागे पाणी, साबण आणि हातावर चोळायचे सॅनिटायझर. त्या प्रसंगानंतर आमच्या वॉर्डात प्रत्येक नळीवाल्या रुग्णासाठी वेगळे भांडे आले. प्रत्येक भांड्यावर खाटेचा नंबर रंगाने लिहिला आहे. त्यासाठी लागलेला खर्च मेरोपेनेमच्या काही इंजेक्शनांइतकाही नव्हता. वॉर्डातले मामा आता नव्या माणसाला दम देतात, ‘‘सात नंबरचं भांडं आठला लावायचं नाही.’’ माझ्या पाच व्याख्यानांपेक्षा हे वाक्य मोलाचे आहे. आणि रोज सकाळच्या राउंडला आम्ही एक प्रश्न विचारतो, ‘‘ही नळी आज खरंच हवी का?’’ नळी काढली, की जिवाणूंची वाटच बंद होते.

दुसरी मागणी प्रशासनाकडे. रुग्णालयांचे आणि वस्त्यांचे सांडपाणी प्रक्रिया न करता नदी-नाल्यात सोडणे म्हणजे जिवाणूंना देवाणघेवाणीसाठी बाजार भरवून देणे आहे. महत्त्वाच्या अनेक प्रतिजैविकांसाठी मार्च २०१४ पासून ‘शेड्यूल एच-१’ लागू आहे. त्यानुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ही औषधे विकता येत नाहीत आणि विक्रीची नोंद तीन वर्षे ठेवावी लागते. नियम चांगला आहे. तो किती ठिकाणी पाळला जातो, हे कोणत्याही मेडिकलसमोर संध्याकाळी अर्धा तास उभे राहिले तरी कळेल. औषध दुकानदारांनाही दोष देऊन भागत नाही. चिठ्ठी मागितली तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते. म्हणून तपासणी सगळीकडे सारखी हवी.

तिसरी मागणी तुमच्याकडे. सर्दी, घसा खवखवणे, साधा व्हायरल ताप आणि बहुतेक पाण्यासारखे जुलाब यांत प्रतिजैविकाचा उपयोग नसतो. जुलाबांत ओआरएस जीव वाचवते. डॉक्टरांनी औषध दिले नाही, म्हणून डॉक्टर बदलू नका. दिले, तर जरूर विचारा, ‘‘हे अँटिबायोटिक आहे का? ते लागेलच का? आधी कल्चर करायचं का?’’ हे प्रश्न विचारल्याबद्दल रागावणारा डॉक्टर चुकतो आहे. जितके दिवस सांगितले तितकेच घ्या. मनाने कमी नाही आणि ‘आणखी दोन दिवस’ असेही नाही. उरलेली पट्टी कपाटात ठेवू नका, वहिनींना किंवा शेजारच्या काकूंना तर देऊच नका. मुलांच्या टायफॉइडच्या लसीबद्दल डॉक्टरांशी बोला. रुग्णाला भेटायला आलात, तर खाटेवर बसू नका, नळीला आणि पिशवीला हात लावू नका, आणि येता-जाता हात धुवा.

याचा उलटा अर्थही काढू नका. न्यूमोनिया, रक्तातला संसर्ग, मेंदूज्वर अशा आजारांत वेळेवर दिलेले प्रतिजैविक जीव वाचवते आणि तिथे तासाचाही उशीर महागात पडतो. औषध टाळा, असे मी म्हणत नाही. ते चालू राहावे, म्हणून हे सारे.

मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी तुम्ही घेतलीत, तर तिचा परिणाम तुमच्यापुरता असतो. प्रतिजैविक हे एकच औषध असे आहे, की ते तुम्ही घेता आणि त्याचा हिशेब कधी कधी शेजारच्या खाटेवर चुकता होतो. तो शेजारी तुम्हाला ओळखतही नसतो. आमच्या त्या वॉर्डात दोन खाटांमध्ये तीन फुटांचे अंतर होते. जिवाणूंना ते ओलांडायला एक न धुतलेला हात पुरला.